उभ्या उताराच्या कौलारू घरावर दिवाळीची लायटिंग : आढ्यापर्यंत जायचं कसं?

आढ्याखालचा
नमस्कार मंडळी. आमचं घर नवापूरकडचं, आजोबांनी बांधलेलं, दुपाखी (दोन्ही बाजूंना उतरत्या छपराचं), मंगलोरी कौलांचं. जळगाव-धुळ्याकडच्या लोकांना धाब्याची (सपाट मातीच्या छपराची) घरं माहीत, त्यावर आरामात खाट टाकून झोपता येतं, पण आमच्याकडे पाऊस जास्त म्हणून पाखी उभी. मोबाइलवर मोजलं तर उतार जवळपास ४० अंश आला. खाली एक मजला, वर माळा, वळचण (छपराची खालची कड) जमिनीपासून १६ फूट आणि आढं (छपराचा सगळ्यात वरचा कणा) २८ फुटांच्या आसपास. आढ्याची लांबी ४० फूट.

आजोबा होते तोवर आढ्याच्या टोकाला आकाशकंदील लागायचा, तो रस्त्यापासून दिसायचा. नंतर अप्पा लावायचे. आता अप्पा ७१ वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात, तरी गेल्या वर्षी मी पुण्याहून पोहोचायच्या आत शिडी लावून वर गेलेले. मी फाटकातून आत आलो तर अप्पा आढ्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसलेले, तोंडात सुतळी धरलेली, आणि खाली आई शिडी धरून उभी. मला हाकही मारता येईना, म्हटलं दचकले तर. ते खाली उतरेपर्यंतची ती १० मिनिटं मी विसरू शकत नाही.

यंदा मी म्हटलं अप्पा तुम्ही नाही, मी चढतो. तर आई म्हणते तू तरी कशाला, वळचणीला लाव की दिव्यांच्या माळा. पण अप्पांचं मन त्या आढ्यावर आहे आणि खरं सांगायचं तर माझंही. म्हणून विचारतोय. शिडी कशी लावायची, दोरी कुठे बांधायची, कौलावर पाय कुठे ठेवायचा, आणि वर न चढता काही करता येत असेल तर ते आधी सांगा.

चोपडेकर_ताई
दादा, आधी आईंचं ऐका. माझे मोठे दीर ४ वर्षांपूर्वी असेच पडले, आणि आढ्यावरून नाही, वळचणीवरून पडले, १३-१४ फुटांवरून. वर सगळं नीट लावून झालं होतं, उतरत होते. वसुबारसेचा दिवस, सकाळीच जाऊबाईंनी अंगण शेणाने सारवलेलं, अजून पुरतं वाळलं नव्हतं, आणि शिडी त्याच सारवणावर टेकवलेली. छपरावरून शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय टाकला तसा शिडीचा बुड मागे सरकला. सारवणावर शिडीच्या पायांच्या दोन लांब रेघा उमटलेल्या, त्या मला आजही डोळ्यांपुढे दिसतात. टाच फुटली आणि कमरेचा मणका दबला. ३ महिने पाठीवर झोपून, त्यांचा कापूस शेतातच राहिला, शेवटी माहेरच्या माणसांनी येऊन वेचला. आता चालतात पण वाकून काम होत नाही.

सगळे म्हणतात वर सांभाळा. मी म्हणते उतरताना सांभाळा, आणि शिडी कशावर उभी आहे ते आधी बघा.

आढ्याखालचा
ताई, वाचून अंगावर काटा आला. आमचंही अंगण सारवलेलंच असतं दिवाळीत. हे मनात आलंच नव्हतं.

पवनचक्कीवाला
मी साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांच्या मेंटेनन्सला आहे, उंचीवर चढणं हेच रोजचं काम, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

शिडीचा हिशोब सोपा आहे. शिडी जिथे टेकते त्या उंचीच्या चौथा हिस्सा बुड भिंतीपासून लांब पाहिजे. तुमची वळचण १६ फूट, म्हणजे बुड ४ फूट बाहेर. त्याहून उभी लावली तर माणूस शिडीसकट मागे येतो, त्याहून तिरपी लावली तर बुड सरकतो. शिडीचं वरचं टोक वळचणीच्या ३ फूट तरी वर निघालं पाहिजे, म्हणजे छपरावर पाय टाकताना आणि उतरताना हाताला धरायला काहीतरी असतं, ताईंच्या दिरांच्या बाबतीत बहुतेक हेच कमी पडलं असणार. सारवण किंवा फरशी असेल तर बुडाखाली ओलं पोतं चालत नाही, तेही सरकतं. जमिनीत दोन खुंट्या ठोका आणि शिडीचे पाय त्यांना बांधून टाका. वरचं टोक वाशाला बांधा, पन्हाळीला नाही. एक माणूस खाली पाय लावून उभा, आणि ते काम आईंना देऊ नका, शिडी घसरली तर ती पहिली त्यांच्याच अंगावर येणार.

हार्नेस म्हणाल तर कमरेचा पट्टा नको. पडल्यावर सगळा झटका कमरेवर येतो, माणूस उलटाही होतो. पूर्ण अंगाचा हार्नेस घ्या, छाती-खांदे-मांड्या धरणारा, त्यावर आयएसआय मार्क आणि आयएस ३५२१ लिहिलेलं बघा. पण हार्नेस घातला म्हणजे झालं असं नाही, दोरीचं दुसरं टोक कुठे बांधलंय त्यावर सगळं आहे. कौलाखालच्या रिपेला (लाकडाच्या बारीक आडव्या पट्टीला) बांधलं तर रीप घेऊन खाली याल. घराच्या पलीकडच्या बाजूला जाड झाड असेल तर दोरी आढ्यावरून पलीकडे टाकून झाडाच्या बुंध्याला, आणि आढ्यावर जिथे घासते तिथे पोत्याची घडी. ट्रॅक्टर किंवा गाडीला कधीच बांधू नका, कोणीतरी चावी फिरवतो. आणि दोरी ढिली नको, जेवढी ढील तेवढा माणूस जास्त खाली पडतो.

अजून एक, हे फार लोकांना माहीत नसतं. हार्नेसमध्ये माणूस लटकून राहिला तर १०-१५ मिनिटांतच पायात रक्त साचून जिवावर बेतू शकतं. म्हणजे त्याला खाली कसं उतरवायचं हे वर जायच्या आधी ठरलेलं पाहिजे. एकट्याने तर नाहीच नाही.

२० फुटांवरून पडलेला माणूस जमिनीला टेकतो तेव्हा वेग ताशी ४० किलोमीटरच्या जवळ असतो आणि मध्ये जेमतेम १ सेकंद मिळतो. त्या सेकंदात काही पकडता येत नाही. आमच्या ट्रेनिंगमध्ये हे पहिल्याच दिवशी सांगतात.

तापीकाठ
भाऊ, आम्हना गावमा बी असंच जयं. आढावर शेवाळ व्हतं, सकाळनं दव पडेल, तठून पाय सरकना ते सरळ आंगनमा. तुम्हना अप्पासले सांगा, सकाळले कोनी छपरवर जावू नका. दुपारले ऊन पडू द्या, कौल कोरडं व्हऊ द्या.

(अहिराणी न समजणाऱ्यांसाठी : पावसाळ्यानंतर कौलावर शेवाळ असतं आणि दिवाळीच्या दिवसांत पहाटे दव पडतं, म्हणून चढायचंच असेल तर दुपारी, कौल कोरडं झाल्यावर.)

नाना_लाइनमन
मी लाइनमन म्हणून ३० वर्षं नोकरी करून रिटायर झालो. या धाग्यात अजून तारेचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

तुमच्या घराला पोलवरून जी सर्व्हिस वायर येते ती कुठे येते ते आज खाली उभं राहून बघा. जुन्या कौलारू घरांना ती बहुधा वळचणीच्या कोपऱ्यात लोखंडी पाइपाला बांधलेली असते. १५-२० वर्षं उन्हात राहून तिचं वरचं आवरण तडकतं, लांबून कळत नाही. लोक म्हणतात मेन स्विच पाडला, आता भीती नाही. बाळांनो, मेन स्विच मीटरच्या पुढे असतो आणि सर्व्हिस वायर मीटरच्या मागे. तुम्ही घरातलं सगळं बंद केलं तरी ती वायर जिवंतच असते. ॲल्युमिनियमची शिडी त्या कोपऱ्यात फिरवताना टेकली की संपलं. बांबूची शिडी बरी, पण ओला बांबूही करंट धरतो.

घराजवळून ११ केव्हीची (११ हजार व्होल्टची) लाइन जात असेल तर अजून जपा. घरापासून ती आडवी १.२ मीटर तरी लांब हवी असा नियम आहे, पण तो नियम इमारतीसाठी. २० फुटांची शिडी उभी करताना तोल गेला तर ती २० फूट लांब पडते, तेवढ्या टप्प्यात तार नको. आणि माळ कधीही तारेवरून पलीकडे फेकून टाकायची नाही. दगडाला दोरी बांधून आढ्यावरून फेकतात ना पोरं, ती दोरी तारेत अडकली की ओढायला जातात. मी नोकरीत हे दोनदा बघितलंय आणि त्यातला एक मुलगा वाचला नाही, नववीत होता.

सर्व्हिस वायर खराब दिसली तर महावितरणचा १९१२ नंबर आहे, तिथे तक्रार नोंदवा, नाहीतर गावच्या लाइनमनला गाठा. दिवाळीच्या ८-१० दिवस आधी सांगा, आयत्या वेळी सगळ्यांचीच धावपळ असते. आणि तेवढ्या कामापुरती लाइन बंद करून मागायला लाजू नका.

आढ्याखालचा
नाना, आत्ता बाहेर जाऊन बघितलं (दसऱ्याला घरी आलोय). सर्व्हिस वायर पूर्वेच्या कोपऱ्यात, अप्पा दरवर्षी जिथे शिडी लावतात तिथून दीड हातावर!! आवरण एका ठिकाणी फाटून आतली तार दिसतेय. गेली किती वर्षं आम्ही तिथूनच चढतोय. उद्या सकाळीच फोन करतो.

नाना_लाइनमन
उद्या नाही, आत्ता करा. १९१२ चोवीस तास चालू असतो. आणि त्या कोपऱ्यात लहान मुलं असतील तर काहीतरी आडवं लावून ठेवा.

टेस्टर_भुसावळ
नानांनी मोठं काम केलं. मी वायरमन आहे, आता माळांकडे वळतो.

बाजारात ज्या स्वस्त एलईडी माळा मिळतात त्यांची वायर धाग्याएवढी बारीक असते, २ पिनचा प्लग, अर्थिंगचा प्रश्नच नाही, आणि आत २३० व्होल्ट. घरात खिडकीला ठीक आहे, पण छपरावर दव, परतीचा पाऊस, वानरं, खारी, सगळं आलं. बाहेर लावायची माळ घेताना बॉक्सवर आयपी ६५ लिहिलेलं बघा. आयपी ४४ म्हणजे शिंतोडे झेलते, वळचणीखाली चालेल, उघड्या आढ्यावर नको. त्याहून चांगलं म्हणजे खाली ॲडॅप्टर असलेली १२ किंवा २४ व्होल्टची माळ, ॲडॅप्टर घरात कोरड्या जागी राहतो आणि वर गेलेली वायर तुटली तरी माणसाला झटका बसत नाही. किंमत जास्त आहे पण ४-५ वर्षं टिकते.

ज्या पॉइंटवरून माळ जाणार त्याला ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) हवाच. एमसीबी आहे ना मग कशाला, असं सगळे विचारतात. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणूस वाचावा म्हणून नाही. माणसाच्या अंगातून जाणारा करंट एमसीबीला कळतसुद्धा नाही. आरसीसीबीवर टेस्टचं बटन असतं, ते दाबून बघा, पडला पाहिजे. आमच्याकडे कितीतरी घरांत तो बसवलेला असतो पण वर्षानुवर्षं कोणी बटन दाबलेलं नसतं.

जोड कौलावर ठेवू नका. दोन माळा जोडायच्या तर जोड वळचणीच्या आत आला पाहिजे. सॉकेटकडे येणारी वायर आधी थोडी खाली लोंबू द्या मग वर सॉकेटला न्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी खालच्या वळणावर टपकतं, सॉकेटमध्ये जात नाही. खिळा ठोकून वायर त्यावर वाकवायची नाही, प्लास्टिकची क्लिप नाहीतर केबल टाय. आणि माळ वर नेण्याआधी एक रात्र अंगणात नाहीतर ओट्यावर जळू द्या. वर गेल्यावर अर्धी बंद पडली की माणूस परत चढतो, आणि दुसऱ्यांदा चढताना घाई असते, शिडी बांधलेली नसते.

पत्र्याचं_घर
आमचं कौलारू नाही, पत्र्याचं आहे, जामनेरकडे. गेल्या दिवाळीत पोराने माळ पत्र्याच्या कडेवरून खाली सोडली, वाऱ्याने घासून घासून वायर सोलली आणि सगळा पत्रा करंट धरून बसला. पत्र्याला जोडलेल्या लोखंडी खांबाला म्हैस बांधलेली, ती मेली. पोरगं त्याच खांबाला टेकून अर्धा तास आधी अभ्यास करत होतं. ६०-७० हजारांची म्हैस गेली पण आम्ही देवाला हातच जोडले. तेव्हापासून पत्र्याच्या कडेला जुना सायकलचा ट्यूब उभा चिरून चढवतो आणि मग त्यावरून वायर, आणि आरसीसीबी पण बसवला.

टेस्टर_भुसावळ
दादा, वाईट वाटलं. सोबत त्या पत्र्याला आणि खांबांना अर्थिंगही करून घ्या, ट्यूब उन्हाने वर्षात तडकतो, तो दरवर्षी बदला.

कौलं_शाकारणारा
राम राम. आमचा तीन पिढ्यांचा धंदा कौलं शाकारायचा, नवापूर, विसरवाडी, खांडबारा या भागात आमचीच माणसं फिरतात. वरचं सगळं वाचलं, सगळं बरोबर आहे, पण मला एक कळत नाही की तुम्ही सगळे वरून कशाला चालताय.

मंगलोरी कौल २-अडीच किलोचं असतं आणि रिपेवर नुसतं आकड्याने अडकलेलं असतं, खिळा नाही काही नाही. दोन रिपांच्या मध्ये पाय पडला की फुटतं, फुटलं की पाय आत आणि माणूस आडवा. आम्हीसुद्धा वर जायचं झालं तर कौलावर पाय देत नाही, आढ्याला अडकवलेली लाकडी निसण (शिडी) टाकतो आणि तिच्यावर बसून काम करतो. पण नवीन माणसाला तेही नको.

तुमच्या घराला माळा आहे म्हणालात. मग काम माळ्यावरून करा, आतून. माळ्यावर उभं राहिलं की आढं हाताला लागतं की नाही ते सांगा. आढ्याजवळची दोन-तीन कौलं आतून हाताने वर उचलून बाजूला सरकवता येतात, आम्ही गळकं कौल बदलायला हेच करतो. तेवढ्या भोकातून डोकं आणि दोन हात बाहेर येतात. पाय माळ्याच्या फळ्यांवर घट्ट. पडायचं कुठे? खाली माळाच आहे.

आता त्या भोकातून आढ्याच्या दोन्ही टोकांना एकेक लोखंडी पट्टी बसवा, एल आकाराची, आढ्याच्या लाकडाला नटबोल्टने आरपार, खिळ्याने नाही. पट्टी कौलाच्या वर दीड फूट निघाली पाहिजे. दोन्ही पट्ट्यांना एकेक कप्पी. दोन कप्प्यांमधून दोरीचा एकच फेरा, जसं शहरात गॅलरीतून कपडे वाळत घालायची फिरती दोरी असते तसं. एका टोकाच्या भोकातून माळ दोरीला बांधत जायचं आणि दोरी ओढत जायची, माळ आपोआप पलीकडच्या टोकापर्यंत जाते. काढायची तर उलटी ओढा. पट्ट्या एकदाच बसवायच्या, मग आयुष्यभर कोणी छपरावर जायला नको.

आढ्याखालचा
दादा, हे वाचून मी धावत माळ्यावर गेलो!! आढं हाताला लागतंय, माझी उंची साडेपाच फूट, हात वर केला तर तळवा पूर्ण टेकतो. पश्चिमेच्या टोकाला धान्याच्या कोठ्या आहेत, त्या सरकवाव्या लागतील. अप्पांना दाखवलं, ते काही बोलले नाहीत, नुसतं कौलाला खालून बोट लावून उचलून बघितलं, आणि म्हणाले "बाबांनी मला हे कधी दाखवलं नाही."

दोन शंका आहेत. माळ्याच्या फळ्या जुन्या आहेत, त्यावर उभं राहणं ठीक का? आणि आकाशकंदिलाचं काय, तो तर टोकाला बाहेर लोंबला पाहिजे.

कौलं_शाकारणारा
फळ्यांवर विश्वास ठेवू नका, खालच्या तुळया कुठून जातात ते बघा आणि तुळयांना आडव्या अशा दोन जाड नवीन फळ्या टाका, त्यावर उभे राहा. वाळवी बघायला फळीला स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, आत गेला तर ती फळी बाद. आढ्यालाही टोचून बघा, बोल्ट मारायच्या आधी.

आणि उचलायच्या आधी कौलाखाली टॉर्च मारा. वळचणीत आणि आढ्याखाली गांधीलमाश्यांची पोळी असतात या दिवसांत, एक कौल हललं की सगळ्या अंगावर येतात. छपरावरून पडलेली माणसं मी बघितलीत त्यात निम्मी तरी गांधीलमाशीमुळे दचकून पडलेली. असतील तर संध्याकाळी अंधार पडल्यावर जाणत्या माणसाकडून काढून घ्या, धूर-जाळ करू नका, वाळलेलं लाकूड आहे सगळं.

कंदिलाला अजून एक कप्पी, टोकाच्या पट्टीलाच. झेंड्याची दोरी असते तशी दोरी थेट अंगणापर्यंत. कंदील खाली बांधा, वर ओढा, भिंतीच्या खुंटीला दोरी गुंडाळा. तुमचे अप्पा अंगणात उभे राहून स्वतः चढवतील.

चोपडेकर_ताई
ही शेवटची ओळ वाचून डोळे भरून आले. आमच्याकडे हे आधी कोणी सांगितलं असतं तर.

दादा, कानबाईलाही याचा उपयोग होईल. आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते तेव्हाही घरावर लायटिंग करतात आणि तेव्हा तर छप्पर ओलंचिंब असतं, पाऊस चालू असताना पोरं वर चढतात. दिवाळीत सगळे सांभाळायला सांगतात, कानबाईच्या वेळी कोणाच्या लक्षातही येत नाही.

टेस्टर_भुसावळ
ताईंचा मुद्दा सोन्यासारखा आहे. श्रावणात लावायची असेल तर फक्त १२ व्होल्टवालीच माळ, हे मी हात जोडून सांगतो.

कंदिलाबद्दल : कंदिलात साधा बल्ब नको, ५ वॅटच्या आतला एलईडी टाका, कागद तापत नाही. वायर दोरीला दर दोन फुटांवर सैल बांधा, कंदिलाचं वजन दोरीवर पाहिजे, वायरीवर नाही.

पवनचक्कीवाला
माळ्यावरून काम असेल तर मी वर लिहिलेलं शिडी-हार्नेसचं बरंचसं बाद होतं आणि ते बाद होणं हीच उत्तम गोष्ट. आमच्या कामातही पहिला प्रश्न हाच असतो की उंचीवर जाणं टाळता येतं का. मला माळा सुचला नाही, कौलवाल्या दादांना सुचला कारण त्यांचे हात त्या कौलात आहेत.

तरी दोन गोष्टी. भोकातून बाहेर येताना हातातली पक्कड, पाना मनगटाला दोरीने बांधा, अडीच किलोचं कौल किंवा पाना २८ फुटांवरून अंगणातल्या पोराच्या डोक्यात पडला तर काय होईल ते सांगायला नको. काम चालू असताना अंगणाच्या त्या बाजूला कोणाला फिरकू देऊ नका. आणि मोह होतो, भोकातून अर्धं बाहेर आलं की वाटतं एक पाय बाहेर टाकला तर ते पलीकडचंही होईल. कंबर कौलाच्या वर गेली नाही पाहिजे, हे मनाशी पक्कं करा.

नाना_लाइनमन
आणि कोणाला करंट लागलाच तर आधी हात लावू नका. मेन बंद करा, मग जवळ जा. मेनपर्यंत जाता येत नसेल तर कोरड्या लाकडाने वायर बाजूला करा. सर्व्हिस वायरचा किंवा बाहेरच्या तारेचा करंट असेल तर मात्र जवळच जाऊ नका, मेन पाडून उपयोग नाही, लाइन बंद होईपर्यंत थांबावं लागतं, फार कठीण असतं ते पण दुसरा जीव जातो. कोणी पडलं तर त्याला ओढून बसवू नका, पाणी पाजू नका, मान-पाठ हलवू नका, १०८ ला फोन. आपल्याकडे चार जण धावत येऊन काखेत हात घालून उचलतात, मणका दुखावलेला असेल तर तिथेच पाय जातात.

सर्व्हिस वायरचं काय झालं?

आढ्याखालचा
नाना, परवा बदलून गेले. माणूस शिडीवर चढण्याआधी पोलवरून बंद करून आला, मी मुद्दाम उभा राहून बघितलं. नवीन वायर आता त्या कोपऱ्यात नाही, गोठ्याच्या बाजूने घेतली.

---

आढ्याखालचा
धनत्रयोदशीच्या रात्री लिहितोय. काम झालं.

गेल्या रविवारी मी, चुलतभाऊ आणि गावातले एक सुतारकाका असे तिघं माळ्यावर. आदल्या दिवशी पूर्वेच्या टोकाला टॉर्च मारला होता तर खरंच मुठीएवढं गांधीलमाश्यांचं पोळं, ते त्याच रात्री काढून घेतलं म्हणून बरं. आढं सागाचं निघालं, स्क्रूड्रायव्हर अर्धा सेंटीमीटरही गेला नाही. पश्चिमेकडे मात्र एक फळी टोचताच भुसभुशीत, नेमकी जिथे मी उभा राहणार होतो तीच. ती काढून टाकली. एल पट्ट्या लोहाराकडून करून घेतल्या, त्यावर रेड ऑक्साइड, अर्ध्या इंचाचे बोल्ट आरपार. दोन कौलं फुटली आमच्या हातून, मागच्या अंगणात जुनी रचून ठेवलेली होती त्यातली घातली. एकूण अर्धा दिवस गेला.

आज संध्याकाळी १२ व्होल्टची माळ दोरीवर चढवली. पहिल्यांदा मध्ये झोल पडून कौलाला टेकत होती, मग दोरी ताणून घेतली. पणत्या लागल्यावर अप्पा अंगणात आले, कंदिलाची दोरी मी त्यांच्या हातात दिली. चांदणीचाच कंदील आहे, आजोबांसारखा, फक्त कागद नवीन. ते एकेक हात ओढत गेले, कंदील हलत हलत वर गेला, टोकाला पोहोचल्यावर कप्पी टक् करून वाजली. अप्पांनी दोरी खुंटीला गुंडाळली, दोनदा, आणि परत सोडून पुन्हा एकदा खाली आणून वर चढवला. आई दारात बसून बघत होती, यंदा तिला काहीच धरायचं नव्हतं.

सगळ्यांचे मनापासून आभार. चोपडेकर ताई, तुमच्या दिरांना माझा नमस्कार सांगा.

चोपडेकर_ताई
सांगितलं. ते म्हणाले पुढच्या वर्षी आमच्याकडेही कप्पी बसवायची. आमच्याकडे माळा नाही, तर बाजूच्या भिंतीला गवंड्याकडून पक्की परांची बांधून एकदाच बसवून घेणार, मग झालं.

तापीकाठ
भाऊ, भलतं चांगलं काम कयं. आते एक सांगा, दोरी वरच राहू देवानी का काढी लेवानी?

कौलं_शाकारणारा
नायलॉनची दोरी उन्हात वर्षभर ठेवली तर पिठासारखी होते, हाताने तुटते. दिवाळी झाली की कार्तिकी पौर्णिमेनंतर माळ उतरवा, मग जाड दोरीच्या टोकाला बारीक दोरी बांधून फिरवून घ्या, जाड दोरी घरात, बारीक दोरी वर. पुढच्या वर्षी बारीकला जाड बांधून ओढली की परत तयार. फक्त ती बारीक दोरी उन्हाळ्यात एकदा बदला, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पोरी माहेरी येतात, झोके बांधायला दोऱ्या निघतातच, तेव्हाच हे काम उरकायचं. बारीक दोरी वरच तुटली तर परत कौलं उचलावी लागतात.

तापीकाठ
आनि दोरी किती फूट लेवानी?

कौलं_शाकारणारा
आढ्याच्या दुप्पट आणि वर १० फूट. यांचं ४० फूट आहे म्हणजे ९०. कंदिलाची वेगळी, ती आढ्याच्या उंचीच्या दुप्पट आणि खुंटीला गुंडाळायला ५-६ फूट.